‘साठ दिवसांत चावी देतो’ म्हटलेलं घराचं काम पाच महिने का चालतं, आणि घण पडायच्या आधी काय काय करून ठेवायचं

आमचा फ्लॅट पुण्यात कोथरूडमधला, बिल्डिंग १९९४ सालची, टू बीएचके. दोन्ही बाथरूम, किचन, सगळी फरशी, वायरिंग, थोडं फर्निचर आणि कलर एवढं काम काढलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साठ दिवस धरा सर, साठाव्या दिवशी चावी हातात." जानेवारीत पहिला घण पडला आणि जूनच्या पहिल्या पावसात आम्ही सामान घेऊन परत राहायला आलो, तेही एका बाथरूमला दार नसताना, पडदा लावून.

मधे कधीतरी चिडून मी एक वही सुरू केली होती. रोज संध्याकाळी साइटवर जायचं आणि लिहायचं, आज कोण आलं, काय झालं, कोण "उद्या नक्की" म्हणालं. सगळं संपल्यावर ती वही शांतपणे वाचली तर भलतंच निघालं. ज्या दिवशी घरात कुणीतरी हातात हत्यार धरलंय असे दिवस मोजले तर एकूण दिवसांच्या निम्मेसुद्धा भरले नाहीत. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचे साठ दिवस खोटे नव्हते हो, काम खरंच साधारण तेवढंच होतं. बाकीचे दिवस घर नुसतं थांबलेलं होतं. काहीतरी वाळायचं होतं म्हणून, काहीतरी यायचं होतं म्हणून, कुणीतरी गावाला गेलं होतं म्हणून, आणि बरेचदा मी आणि बायको शोरूममध्ये दोन टाइल्स समोर ठेवून एकमेकांकडे बघत होतो म्हणून.

त्यामुळे "कारागीर आळशी असतात" हे मी आता म्हणत नाही. पुढे जे लिहितोय ते सगळं त्या थांबलेल्या दिवसांबद्दल आहे, ते कुठून येतात आणि त्यातले किती आधीच मारता येतात.

एक दिवसाचे आठ दिवस कसे होतात

हे आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यावर आहे. तुमचा कॉन्ट्रॅक्टर एका वेळी तीन-चार साइट चालवत असतो आणि फरशीवाला, प्लंबर, सुतार, पीओपीवाला (प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं छत करणारा), पेंटर हे त्याचे पगारी नोकर नसतात, त्या वेगवेगळ्या टोळ्या असतात आणि त्यांचं पोट रोजच्या कामावर. ज्या साइटवर माल तयार, टोळी तिथे जाणार. आता समजा फरशीवाला सोमवारी सकाळी तुमच्याकडे आला आणि टाइल्स मंगळवारी येणार आहेत. तुमच्या मते एक दिवस गेला. पण तो त्या दिवशी दुसऱ्या साइटवर गेला, तिथे त्याने हॉल उघडला, आता तो हॉल संपवल्याशिवाय तो माणूस हलवता येत नाही. तो परत येणार पुढच्या बुधवारी. आणि त्याच्या मागे लाइनीत असलेला पीओपीवाला, त्याला तुम्ही या गुरुवारची तारीख दिली होती, तो पण दुसरीकडे लागला.

म्हणून "माल एक दिवस उशिरा आला तर काय बिघडतं" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. आमच्याकडे एका बाथरूमच्या फक्त सहा टाइल्स कमी पडल्या होत्या, त्या सहा टाइल्सनी जवळपास दोन आठवडे खाल्ले, कारण तोच लॉट (एकाच वेळी बनलेला माल) दुकानात नव्हता आणि दुसऱ्या लॉटचा शेड किंचित पिवळट होता.

पहिली पायरी: कॅलेंडर घेऊन बसा, इंटिरिअरचे फोटो नंतर बघा

काम कधी सुरू करायचं हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो पहिला आहे.

सगळ्यांना दिवाळीला नवीन घर हवं असतं. त्यामुळे गणपती झाले की गावातला प्रत्येक पेंटर आणि सुतार दिवाळीपर्यंत बुक. तुम्ही सप्टेंबरमध्ये काम काढून "दिवाळीआधी द्या" म्हणालात तर तो हो म्हणणार, पण तेच हो त्याने आणखी चार घरांना म्हटलेलं असतं.

दुसरी गर्दी मे महिन्यात, मुलांना सुट्ट्या म्हणून. पण नेमकं तेव्हाच उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानकडचे बरेच कारागीर लग्नकार्याला गावी गेलेले असतात, आणि सोसायटीत पाण्याची बोंब असली तर प्लॅस्टरवर पाणी मारायला टँकरच्या पाण्यासाठी सेक्रेटरीशी भांडण वेगळं. त्याच्या पाठोपाठ पाऊस. पावसाळ्यात आतलं काम होतच नाही असं नाही, प्लंबिंग, वायरिंग, फरशी होते. पण पुट्टी आणि कलर वाळत नाही, प्लायवुड ओल धरतं, दारं फुगतात आणि मग ऑक्टोबरमध्ये ती आकसली की फटी दिसतात. गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग असेल तर ते मेच्या आतच, जूनमध्ये गच्चीवर चढून काही उपयोग नाही.

मला विचाराल तर दिवाळीनंतर लगेच सुरू करून होळीच्या आत फरशी आणि सुतारकामाचा मोठा भाग उरकणं हे सगळ्यात बरं. हवा कोरडी, पाणी आहे, आणि माणसं आहेत. फक्त छठला गेलेले बिहारकडचे लोक परत कधी येणार ते विचारून ठेवा.

आणि पितृपक्ष! त्या पंधरवड्यात लोक नवीन काही सुरू करत नाहीत, खरेदी करत नाहीत, त्यामुळे कारागीर मोकळे असतात आणि दुकानदार नीट बोलतो. तुमच्या घरात चालत असेल तर तोडफोड तेव्हा उरकून घ्या, तोडण्याला कुठे मुहूर्त लागतो. माझ्या आईला हे पटलं नसतं, पण मी फक्त सांगतोय.

तर कॉन्ट्रॅक्टर ठरवताना रेटच्या आधी विचारायचा प्रश्न हा की "तुमचा सुतार कुठला, गावाला कधी जाणार आणि किती दिवस?" होळी, ईद, छठ, गावाकडची पेरणी-कापणी, निवडणुका, कोकणातला माणूस असेल तर शिमगा आणि गणपती, हे सगळं आधी माहीत असतं. कुणीच अचानक गावाला जात नाही. आपण विचारलेलं नसतं एवढंच.

दुसरी पायरी: निर्णय. सगळ्यात जास्त दिवस इथेच जातात

लोकांना वाटतं टाइल्स ठरल्या की झालं, नळ वगैरे नंतर शेवटी बघू, शेवटीच तर लागतात. नाही हो. आमचं पहिलं बाथरूम इथेच अडकलं.

शॉवरचा जो डायव्हर्टर असतो (पाणी नळाकडे का शॉवरकडे ते फिरवणारा), त्याची बॉडी भिंतीच्या आत जाते, टाइल लागायच्या आधी. बाहेर दिसतो तो फक्त कव्हरचा भाग. आणि एका कंपनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीचं कव्हर बसत नाही, बरेचदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचंही बसत नाही. म्हणजे नळ कुठले हे प्लंबरने झिऱ्या (भिंतीत पाइपसाठी खाचा) मारायच्या आधी ठरलेलं पाहिजे, आणि नुसतं ठरून नाही, बॉडी साइटवर येऊन पडलेली पाहिजे. भिंतीला टांगलेला कमोड हवा असेल तर त्याची टाकी आणि फ्रेम भिंतीत जाते, तेही आधी. साधा जमिनीवरचा कमोड घेतला तरी त्याचा आउटलेट भिंतीतून आहे का खालून, आणि भिंतीपासून किती इंचावर, हे मॉडेल ठरल्याशिवाय कळत नाही.

किचनचंही तसंच. चिमणी, हॉब, ओव्हन, वॉटर प्युरिफायर, डिशवॉशर घ्यायचा असेल तर तो, यांची जागा आणि मॉडेल वायरमनच्या आधी. नंतर कळतं की ओव्हनचा सोळा अँपियरचा पॉइंट नेमका ड्रॉवरच्या मागे आलाय, मग नवीन टाइल फोडा. सिंक ओट्याच्या आधी, कारण ग्रॅनाइटला भोक सिंकच्या मापाने पडतं. ओट्याची उंची घरात जो जास्त स्वयंपाक करतो त्याला उभं करून मोजा, नुसतं "स्टँडर्ड ठेवा" म्हणू नका, आमच्याकडे स्टँडर्ड ठेवला आणि बायकोची कंबर अजून बोलते.

मी आता कुणी विचारलं तर एवढंच सांगतो, की एक कागद घ्या आणि उलटं लिहा, म्हणजे काय काय घ्यायचंय असं नाही, तर कोण माणूस यायच्या आधी काय ठरलेलं पाहिजे:

- प्लंबर यायच्या आधी: डायव्हर्टर, कमोड, बेसिनचा प्रकार, गीझरची जागा, वॉशिंग मशीनची जागा, सिंकची बाजू.
- वायरमनच्या आधी: फर्निचरचा आराखडा (बेड कुठे, टीव्ही कुठे, वॉर्डरोब कुठे), एसी किती आणि कुठे, किचनमधली सगळी मशिनं, इन्व्हर्टर, वायफायचा राउटर. स्विचबोर्ड खडूने भिंतीवर स्वतः आखा.
- फरशीवाल्याच्या आधी: सगळ्या टाइल्स घरात, कोपऱ्याच्या पट्ट्या, ग्राउटचा (टाइलमधल्या फटी भरायच्या मसाल्याचा) रंग, नहाणी ट्रॅपची (पाणी जायच्या तोंडाची) जाळी, दाराच्या चौकटी.
- पीओपीवाल्याच्या आधी: लाइट किती आणि कुठे, पंख्याच्या जागा, पडद्याचा रॉड छतातून येणार का भिंतीतून, एसीचा पाइप कुठून फिरणार.
- सुताराच्या आधी: लॅमिनेटचे नंबर, हँडल, बिजागऱ्या, ड्रॉवर सरकायचे चॅनेल, कुलपं. हँडल शेवटी बघू म्हणणारे लोक शेवटी महिनाभर कपाट बोटांनी उघडतात.

हा कागद भरायला आम्हाला नंतर, सासऱ्यांच्या घराचं काम काढलं तेव्हा, सहा शनिवार-रविवार लागले. पण ते सहा आठवडे घर शाबूत होतं, आम्ही कुठे भाडं भरत नव्हतो आणि कुठली टोळी आमच्यासाठी ताटकळत नव्हती. बोहरी आळीत हँडल बघायला आणि तपकीर गल्लीत लाइट बघायला घर तुटलेलं असण्याची काहीच गरज नसते.

टाइल्सचा हिशोबही आधी करा. दोन बाय चार फुटांच्या टाइल्स साधारण दोन नगांच्या बॉक्समध्ये येतात, बॉक्समध्ये जवळपास साडेपंधरा स्क्वेअर फूट. समजा फरशी ६०० स्क्वेअर फूट, तुटफूट आणि कटिंगचे दहा टक्के धरून ६६०, म्हणजे ४३ बॉक्स. दुकानदार सांगेल चाळीस पुरतील, लागले तर परत या. परत गेलात की तो लॉट संपलेला असतो, कारण माल मोरबीवरून गाडीने येतो आणि पुढच्या गाडीत पुढचा लॉट. ४३ च घ्या, सगळ्या बॉक्सवर एकच लॉट नंबर आहे का ते माल उतरवतानाच बघा, टेम्पो गेल्यावर नाही.

तिसरी पायरी: सोसायटी

यात मजा काही नाही, पटकन सांगतो. लेखी अर्ज, डिपॉझिट, कामाच्या वेळा, लिफ्ट वापरायची का नाही, राडारोडा कुठे ठेवायचा आणि किती दिवसांत उचलायचा, कामगारांचे पास. हे सगळं मिळाल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरला तारीख देऊ नका, कारण कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा असते आणि सेक्रेटरी नेमका मुलाकडे बंगलोरला गेलेला असतो.

एक गणित मात्र करा. आमच्याकडे आवाजाचं काम सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६, रविवारी बंद. म्हणजे दिवसाला पाच तास. कॉन्ट्रॅक्टरने तोडफोडीला चार दिवस धरले होते ते आठ तासांच्या हिशोबाने, म्हणजे ३२ तास, त्याचे झाले साडेसहा दिवस. असं प्रत्येक आवाजाच्या कामाचं होतं, झिऱ्या मारणं, टाइल कापणं, ड्रिलिंग. तुमच्या सोसायटीच्या वेळा त्याला आधीच लिहून द्या आणि त्यावर दिवस सांग म्हणा.

भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी आधी घ्या. कॉलम आणि बीमला हात नाही म्हणजे नाही. जुन्या लोड बेअरिंगच्या बिल्डिंगमध्ये तर साधी दिसणारी भिंतसुद्धा वरच्याचं ओझं घेऊन उभी असते. पाइप गॅस असेल तर मीटर किंवा पाइप हलवायला गॅस कंपनीचाच माणूस लागतो, आपला प्लंबर नाही चालत, त्यांच्याकडे अर्ज आधी टाका. दोनाचे चार एसी होणार असतील तर महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा अर्जही आताच.

आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आधी जाऊन या. काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो काढून घ्या, त्यांच्यासमोर. पुढे ओल आली की ती जुनी का नवी यावर काम बंद पडतं, फोटो असले की दहा मिनिटांत विषय संपतो.

चौथी पायरी: जुन्या घराच्या पोटात काय आहे ते आधी बघा

पंचवीस-तीस वर्षांच्या घरात फरशी उचलली की काहीतरी निघतंच. आमच्याकडे गंजलेले जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप निघाले, आतून इतके भरलेले की पाणी कसं येत होतं हेच नवल. मित्राकडे स्लॅबचं लोखंड फुगून प्लॅस्टर सुटलेलं निघालं, ते दुरुस्त होईपर्यंत बाकी सगळं ठप्प. कुणाकडे वायरिंगला अर्थिंगच नसतं.

हे टाळता येत नाही पण आधी कळू शकतं. काम सुरू व्हायच्या महिनाभर आधी वायरमनला बोलवून मेन बोर्ड आणि दोन-तीन स्विचबोर्ड उघडायला लावा. प्लंबरला बाथरूममधली एक टाइल काढून पाइप बघू दे. लाकडी पट्टीने छतावर आणि भिंतीवर ठकठक करत फिरा, पोकळ आवाज आला तिथे खूण करा. हजार-दोन हजार जातील, पण कोटेशनमध्ये "पाइप बदलणे" हे आधीच येईल, मधेच एक्स्ट्रा म्हणून नाही. मधेच आलं की पैशांची घासाघीस, मग रुसवे, मग तीन दिवस फोन बंद.

पाचवी पायरी: वाळण्याचे दिवस कागदावर आणा

कॉन्ट्रॅक्टर दिवस सांगतो ते कामाचे. वाळण्याचे, पाणी मारण्याचे, पाणी भरून ठेवण्याचे दिवस तो मोजत नाही, किंवा मोजतो आणि मग घाई झाली की तेच कापतो. आणि ते कापले की दोन वर्षांनी खालच्या काकू वर येतात.

एका साध्या बाथरूमचं मी मांडून दाखवतो. तोडफोड दोन दिवस. झिऱ्या, पाइप आणि त्यात प्रेशर भरून गळतीची टेस्ट, तीन दिवस. वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, एक वाळल्यावर दुसरा, तीन दिवस. मग ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, खूण करून, ४८ तास तरी, म्हणजे येऊन-जाऊन तीन दिवस. पाणी खाली गेलं किंवा खालच्या घरात ओल दिसली तर परत. मग विटांचे तुकडे टाकून कोबा आणि त्यावर ढाळ, दोन दिवस. त्यावर पाणी मारणं आणि परत एकदा पाणी भरून बघणं, पाच दिवस. भिंतीच्या टाइल्स चार दिवस, खालची फरशी एक, दुसऱ्या दिवशी ग्राउट एक, नळ-कमोड बसवणं एक.

झाले २५ दिवस, त्यात माणूस खरा राबतो साधारण पंधरा दिवस. रविवार धरले की चार आठवडे. आणि हे सगळं बरोबर चाललं तर. जो कुणी एका बाथरूमचं काम "आठ दिवसांत करून देतो" म्हणतो त्याला शांतपणे विचारा, पाणी किती दिवस भरून ठेवणार?

यावर उपाय म्हणजे वाळण्याच्या दिवसांत दुसऱ्या खोलीत काम. दोन बाथरूम असतील तर पहिल्यात पाणी भरलंय तेव्हा दुसऱ्यात झिऱ्या. (घरात राहून काम करत असाल तर एक बाथरूम चालू ठेवावंच लागतं, मग ही सोय गेली, प्रत्येक टोळी दोनदा बोलवायची. घरात राहून केलेलं काम म्हणूनच लांबतं, भाडं वाचतं पण महिने जातात. आमच्या ओळखीतल्या एकांनी सहा महिने हॉलमध्ये गॅस ठेवून काढले, ते आता त्याबद्दल बोलत नाहीत.)

सहावी पायरी: ज्याला यायला वेळ लागतो ते आधी

काही गोष्टी दुकानातून उचलून आणता येत नाहीत, माप घेऊन बनवाव्या लागतात, आणि माप घेता येतं ते आधीचं काम पूर्ण झाल्यावर. इथे दिवस लपलेले असतात.

बाथरूमचं काचेचं पार्टिशन घ्या. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलात तर तिचा भुगा होतो. म्हणून माप टाइल लागल्यावरच घेतात, मग कापून, भोकं पाडून, टफन करून येते, आमच्याकडे दहा दिवस लागले. मॉड्युलर किचनचं फायनल माप ओटा आणि टाइल झाल्यावर, आणि मग फॅक्टरीतून यायला महिना-दीड महिना. स्लायडिंग खिडक्यांनाही दोन-तीन आठवडे सहज.

हे दिवस कमी करता येत नाहीत, फक्त आधी सुरू करता येतात. म्हणून क्रम बदला, किचनची फरशी आणि टाइल सगळ्यात आधी, म्हणजे माप लवकर जाईल आणि फॅक्टरीत ट्रॉल्या बनत असताना इकडे बेडरूमची फरशी, पीओपी चालू राहील. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने हॉलपासून सुरुवात केली, कारण हॉल छान दिसतो, घरमालक खूश होतो. मी पण खूश झालो होतो.

सातवी पायरी: पैसे तारखेला नाही, कामाला बांधा

"दर पंधरा दिवसांनी अमुक" असं ठरवलंत की पैसे चौथ्या हप्त्यावर आणि फर्निचर अजून टिंबर मार्केटमध्ये. हप्ते टप्प्याला जोडा: तोडफोड आणि पाइप टेस्ट झाली की एक, वॉटरप्रूफिंगची टेस्ट पास झाली की एक, फरशी पूर्ण, सुतारकामाचे सांगाडे उभे, कलरचा पहिला हात, असं. ॲडव्हान्स थोडाच. आणि शेवटचे दहा टक्के "आवराआवर" झाल्यावर, हे आधीच कागदावर.

कारण शेवटचं काम सगळ्यात रेंगाळतं. "फक्त फिनिशिंग राहिलंय सर" हे वाक्य मी वहीत इतक्या वेळा लिहिलंय की नंतर नुसतं "फि. रा." लिहायला लागलो. त्या फिनिशिंगला प्रत्येक टोळीतला एक माणूस अर्ध्या दिवसासाठी लागतो, आणि अर्ध्या दिवसासाठी कुणाला यायचं नसतं, पैसे तर घेऊन झालेले असतात.

मटेरियलसकट द्यायचं का फक्त लेबर रेटवर, यावर लोक भांडतात. माझं मत असं की नोकरी करणाऱ्या माणसाने सिमेंट-वाळू-पाइप-वायर कॉन्ट्रॅक्टरवर सोडावं, ब्रँड आणि ग्रेड लिहून घेऊन (प्लाय बाथरूम-किचनजवळ आयएस ७१० चं म्हणजे पाणी सोसणारं, बाकी कोरड्या जागी साधं आयएस ३०३ चालतं), आणि दिसणाऱ्या वस्तू म्हणजे टाइल्स, नळ, लाइट, हँडल स्वतः घ्याव्यात. सगळंच स्वतः आणायला गेलात तर "सर, दोन पोती सिमेंट कमी पडलं" हा फोन ऑफिसच्या मीटिंगमध्ये येतो आणि तो दिवस गेला.

‘आलोच आहोत तर’

याला पायरीचा नंबर देत नाही कारण हा रोग आहे. फरशी काढलीच आहे तर वायरिंग पण, वायरिंग करतोय तर पीओपी पण, पीओपी होतंय तर जुना माळा काढून टाकू. प्रत्येक वेळी वाटतं चार दिवसांचं काम. पण ते मधे घुसतं, मागच्या सगळ्या टोळ्यांच्या तारखा हलतात, आणि मग तोच तो एका दिवसाच्या आठ दिवसांचा हिशोब. २००२ साली अमेरिकेत किचन नवीन करून घेतलेल्या लोकांचा एक सर्व्हे झाला होता, त्यांना सरासरी १८,६५८ डॉलर लागतील असं वाटलं होतं, प्रत्यक्षात गेले ३८,७६९. दुपटीच्या वर. तिकडेही कुणीतरी म्हणालं असणार, आलोच आहोत तर.

सासऱ्यांच्या वेळी आम्ही एक नियम केला. काम सुरू झाल्यावर जे काही सुचेल ते फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहायचं, आणि शेवटच्या टप्प्यानंतरच त्यावर बोलायचं. सासूबाईंनी एकवीस गोष्टी लिहिल्या. शेवटी त्यातल्या दोन केल्या, बाकीच्या त्यांनाच नको वाटल्या.

काम चालू असताना

रोज दहा मिनिटं जा, शक्यतो सकाळी, माणसं काम सुरू करायच्या वेळी. संध्याकाळी गेलात तर जे चुकलंय ते लागून गेलेलं असतं. विचारायचे प्रश्न दोनच: उद्या कोण येणार, आणि त्याला लागणारं सगळं इथे आहे का? "सगळं आहे सर" यावर थांबू नका, दाखव म्हणा. ग्राउट कुठेय, स्पेसर कुठेयत, बिजागऱ्यांचे स्क्रू?

व्हॉट्सॲप ग्रुप करा, त्यात कॉन्ट्रॅक्टर, सुपरवायझर आणि घरातलं एकच माणूस. एकच. आमच्या ग्रुपवर मी पांढरा म्हणायचो आणि बायको ऑफ व्हाइट, आणि पेंटर दोन दिवस बिडी ओढत बसला, त्याची काय चूक.

भिंती बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, पाइप आणि वायर दिसत असताना, शेजारी मेजर टेप धरून. नंतर टीव्हीचा स्टँड लावताना ड्रिल थेट पाइपमध्ये गेलं की जे होतं ते आमच्या शेजाऱ्यांकडे झालंय.

चहा द्या, पाणी द्या, फरशीवाल्याचं नाव लक्षात ठेवा. दोन साइटपैकी कुठे जायचं असा प्रश्न आला की माणूस माणसासारखाच विचार करतो.

राखीव दिवस ठेवाल तेव्हा सगळ्या कामांत थोडे थोडे वाटू नका, ते असे विरघळतात. दोनच जागी ठेवा: फरशी संपल्यावर सुतार यायच्या आधी एक आठवडा, आणि कलरनंतर राहायला जायच्या आधी दोन आठवडे. हे दिवस कॉन्ट्रॅक्टरला सांगू नका. नातेवाइकांना तर अजिबातच नाही. वास्तुशांतीची तारीख काढून गुरुजींना आणि केटररला सांगून मोकळे झालात की मग ओल्या कलरवर तोरण लागतं, पाहुण्यांच्या पाठीला पिस्ता ग्रीन. भाड्याच्या घराचा करार करताना पण कॉन्ट्रॅक्टरच्या तारखेच्या पुढे दीड-दोन महिने धरा, किंवा महिन्या-महिन्याने वाढवता येईल असं घरमालकाशी आधी बोलून घ्या.

शेवटचे पंधरा दिवस

कलरचा शेवटचा हात राहिलेला असताना (झाल्यावर नाही) एक संध्याकाळ मोकळी काढा. मास्किंग टेप आणि पेन घेऊन खोली-खोली फिरा. प्रत्येक नळ उघडा, प्रत्येक ड्रॉवर ओढा, मोबाइलचा चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे जातंय का दाराकडे ते बघा. जिथे चूक तिथे टेप, टेपवर नंबर, वहीत नंबरासमोर काम आणि ते कोण करणार. सुताराची सगळी एकत्र, वायरमनची सगळी एकत्र. म्हणजे अर्ध्या दिवसाची सहा बोलावणी न होता प्रत्येकाचं एकच पूर्ण दिवसाचं काम होतं आणि माणूस येतो. टेप निघाली की ते काम झालं, सगळ्या टेप निघाल्या की शेवटचे दहा टक्के.

उरलेल्या टाइल्स टेम्पोवाल्याला देऊ नका. प्रत्येक प्रकारची एक पेटी माळ्यावर, बॉक्सवर खोलीचं नाव लिहून. कलरचे शेड नंबर आणि लॅमिनेटचे नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, आम्ही वहीत लिहिले होते आणि ती वही नंतर सासऱ्यांनी नेली.